नवशाबाबाची पंधरा दिवसांची झोडणी

मी पेंढ्याच्या उडवीमागं पालथी पडले होते. मांडीला मुंगळा डसत होता आणि मला ओरडायची सोय नव्हती, कारण उडवीच्या पलीकडं, दहा पावलांवर, माझा नवरा बसला होता.

"बोल रूपजी," नवशाबाबा म्हणाला. "तुझ्या घरातून ती का गेली?"

मी दचकलेच. ती म्हणजे मी? अहो, मी तर अजून गेलेच नव्हते. मी शनिवारी जाणार होते!

"मला माहीत नाय," माझा नवरा म्हणाला.

"बरं. उद्या," म्हातारा म्हणाला, आणि मांडीवरच्या घांगळीच्या तारा परत छेडायला लागला. उद्या काय उद्या? मी मनात म्हटलं, आजच सांगून टाक की एकदाचं, माझी मांडी सुजायला आली.

हे चोवीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. आता सेविका झाले, रजिस्टर भरते. पण नाक खुपसायची खोड तेव्हाही हीच होती. माझी सासू सांगायची, वंशीला दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण न काढता कळतं. खोटं बोलायची नाही बिचारी.

पण माझ्याच घरात काय शिजतंय ते मला तीन महिने कळत नव्हतं, आणि त्यानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

आमच्या पाड्यातले चार बाप्ये एकाच मच्छीच्या बोटीवर खलाशी होते. माझा नवरा रूपजी, शिणवार, काकड आणि नवशाबाबाचा एकुलता एक मुलगा लहानू. पाऊस सरला की बोटीवर जायचे, पुढच्या पावसाला घरी यायचे. आमच्याकडं निम्म्या घरांचं असंच चालतं. एका वर्षी धुक्यात बोट पल्याडच्या देशाच्या पाण्यात शिरली आणि सगळे पकडले गेले. दोन वर्षं चार महिने तिकडच्या तुरुंगात होते. गेले चौघे, आले तिघे. लहानू तिथंच तापानं गेला. चार महिन्यांनी त्याची पेटी आली, पण ती उघडायची नाही असा हुकूम होता. नवशाबाबानं पोराचं तोंड न बघताच त्याला माती दिली.

रूपजी भादव्यात आला. मी रडले, नाचले, शेजारणीच्या गळ्यात पडले. चैती, आमची मुलगी, तो गेला तेव्हा चार वर्षांची होती, आता सातवं लागलेलं. बाप गेला तेव्हाचं तिला सगळं आठवत होतं. तो तिला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचा आणि दोघं मिळून वाटेतच भजी संपवायचे. माझ्यासाठी तेलकट कागद घेऊन यायचे, निर्लज्ज कुठले!

पहिल्या दिवशी मी भात आणि बोंबलाचं कालवण केलं. ताट त्याच्यापुढं ठेवलं. चैती त्याला चिकटून बसली. तो उठला, ताट उचललं आणि घरामागं जाऊन एकटा जेवला. मी म्हटलं, असेल, तुरुंगातली सवय असेल. दुसऱ्या दिवशी तेच. महिना झाला तरी तेच. निम्मं अन्न कुत्र्याला घालायचा. चैती जवळ आली की उठून जायचा. तिनं हात धरला तर सोडवून घ्यायचा, हळूच, पण सोडवून घ्यायचा. झोपायला गोठ्यात. मग ताडी सुरू झाली.

"तिकडं काय झालं, सांग की," मी विचारायची.

"काय नाय."

"दुसरी कोण हाय का मनात?"

तेव्हा तो हसला. ते हसू मला आजही आठवायला आवडत नाही.

आणि मग दसऱ्याच्या आधी एक दिवस चैतीनं काय केलं, आपली अर्धी भाकर मोडली आणि त्याच्या मागं जाऊन त्याच्या ताटात टाकली. म्हणाली, "बा, तू वाळलास." त्यानं ताट भिरकावलं. भिंतीला जाऊन आपटलं. पोरगी जागच्या जागी थिजली, भ्यानं तिथंच मुतली. सात वर्षांची पोर!

त्या दिवशी मी माझ्या भावाला, जिवलदादाला निरोप धाडला. झोडण्या झाल्या की येऊन मला ने. पंच बसव. आमच्यात पंचांपुढं काडी मोडली की नवराबायको मोकळे, त्याला काडीमोड म्हणतात. कार्तिकातला शनिवार ठरला. रूपजीला सांगितलं तर म्हणाला, "बरं केलंस." बस, एवढंच! मला वाटलं होतं निदान भांडेल तरी.

आता नवशाबाबाकडं येते.

त्याची खाचरं दोन. तिथलं भात झोडायला दोन माणसांना दोन दिवस पुरे. कापणी झाल्यावर म्हातारा काठी टेकत तिघांच्या दारात गेला. शिणवारच्या, काकडच्या, आमच्या. प्रत्येकाला एकच बोलला, "माझी झोडणी करायला या. तुम्ही तिघंच. दुपारची." नाही कोण म्हणणार? ज्याचा पोरगा गेला त्याच्या बापाला नाही म्हणायला तोंड लागतं. तिघं गेले.

आणि झोडणी संपेचना! चार दिवस झाले, आठ झाले. दोन खाचरांचं भात, आणि आठ दिवस? मी रोज खिचडीचं पातेलं घासताना बघायची. दुपार झाली की तिघं गुमान खळ्याकडं चालले. दिवस कलला की परत. तोंडाला ताडीचा वास नाही. हे काय झोडतायत तरी काय?

पाड्यावर म्हणत होते, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. पोराच्या जाण्यानं फिरलंय. भात उघड्यावर ठेवलंय, आभाळ आलं तर कुजेल. एकानं सांगितलं, रोज मोजून चार पेंढ्या झोडतात आणि मग बसून राहतात. दुसरा म्हणाला, बाबा घांगळी वाजवतो, कणसरीची कहाणी लावलीय. पण बायांना तिथं यायची बंदी केलीय.

बंदी? मी ताडकन उभी राहिले. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. नवीन भात घरात न्यायच्या आधी खळ्यावर तिची कहाणी लावायची, बायापोरांसकट सगळ्यांनी ऐकायची, मग घरच्या मुलानं पहिली पाटी उचलायची आणि वाटेत कुठं खाली न ठेवता थेट कणग्यात ओतायची. ही आमची रीत. भात लावायचं बायांनी, कापायचं बायांनी, आणि कहाणीला बायांना बंदी? यात काहीतरी काळंबेरं होतं. माझी खात्री पटली. हे बाप्ये तिथं बसून माझ्या काडीमोडाचं ठरवत होते. पंचांत रूपजीनं काय बोलायचं, चैती कोणाकडं ठेवायची, ते त्याला शिकवत होते.

चैतीचं नाव मनात आलं आणि मी गवताला जाते म्हणून विळा घेऊन निघाले. खळ्याच्या मागून उडवीपर्यंत सरपटत गेले. तो पहिला दिवस तुम्हाला सांगितलाच, मुंगळ्याचा.

खळं म्हणजे शेणानं सारवलेलं गोल अंगण, मधोमध मेढ रोवलेली. त्या मेढीभोवती चौघं गोल बसले होते, तोंडं आत करून. मध्ये चार पेंढ्यांचं भात. नवशाबाबा दोन भोपळ्यांची घांगळी छातीला लावून गात होता. कहाणीत कणसरी एका घरात सुखानं नांदते. मग त्या घरातलं काही तिला बघवत नाही. ती रुसते, कणग्यातून निघते, रानात जाते. मग तिला शोधतात, हातापाया पडून आणतात. सगळी कहाणी एका बैठकीत होते. मी लहानपणापासून ऐकलीय, झोपेतही सांगेन.

नवशाबाबा ती निघून जाते तिथं थांबायचा. रोज तिथंच. घांगळी मांडीवर घ्यायचा आणि विचारायचा, "तुझ्या घरातून ती का गेली?"

तेव्हा कुठं मला कळलं, ती म्हणजे मी नव्हे. मला जरा हलकं वाटलं, आणि खरं सांगते, जरा रागही आला. माझ्याबद्दल एक अक्षर नाही!

घरी जाऊन मी विळा ठेवला आणि विचार करत बसले. हा म्हातारा काय करतोय? कहाणी पुढं का नेत नाही? त्या तिघांच्या घरातून धान्य कुठं गेलंय, घरात भात होतं की! आता मला न जाऊन कसं चालेल? दुसऱ्या दिवशी परत गेले. विळ्याबरोबर तंबाखूची पुडीही नेली, मुंगळ्यांसाठी.

त्या दिवशी शिणवार बोलला. हा शिणवार बोटीवर जायच्या आधी सगळ्या पाड्याला हसवायचा.

"मी भरलं ताट लाथाडलं," तो म्हणाला. "पोरगा मला बघून आजीच्या मागं लपला. मी हाक मारली, आला नाय. मला वाटलं, मी काय भूत हाय का? लाथ मारली ताटाला. भात सगळा चुलीत. मग पोरालाही मारलं."

नवशाबाबानं शाबासकी दिली नाही की तो रागावलाही नाही. म्हणाला, "तुझा बा तुला मारायचा?"

"नाय. तो मला जाळं विणायला बसवायचा. मांडीवर घेऊन."

"तुझं जाळं हाय कुठं?"

"माळ्यावर. उंदरांनी खाल्लंय."

"मग उंदरांनी खाल्लेलं विणायला दोन माणसं लागतील," म्हातारा म्हणाला. संपलं. एवढ्यावर बैठक उठली.

मी अंगणवाडीतून लक्ष ठेवून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शिणवारच्या ओटीवर जाळं पसरलेलं दिसलं, आणि त्याचा पोरगा दुसरं टोक धरून बसलेला. बापापासून चांगला चार हात लांब, पण बसलेला.

काकड बोलला तेव्हा मात्र मला रडू आलं. त्याचं धाकटं बाळ तो गेला तेव्हा पोटात होतं. आता ते काकडच्या भावाला बा म्हणायचं आणि काकडला मामा. काकडनं भावाला घरात पाऊल टाकायची बंदी केली होती. "ज्यानं माझी पोरं सांभाळली त्यालाच मी उंबऱ्याबाहेर काढलं," तो म्हणाला. "तो माझ्या घरादाराला भात घालायचा, माझ्या मागं. म्हणून गेली ती."

"उद्या झोडायला त्याला घेऊन ये," बाबा म्हणाला.

"तू तर म्हणाला होतास, तिघंच."

"आता म्हणतो चौघं."

दुसऱ्या दिवशी काकडचा भाऊ आला, त्या एका दिवसापुरता. दोघांनी मिळून चार पेंढ्या झोडल्या, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. निघताना मात्र काकडनं आपली विडी पेटवून आधी भावाला दिली.

आणि रूपजी? रोज, "मला माहीत नाय." रोज, "बरं. उद्या." मी उडवीमागं दात खायची. अरे, सांग ना! शिणवार सांगतो, काकड सांगतो, आणि तुझ्या तोंडाला काय कुलूप? शनिवार जवळ येत होता. त्याच्याकडं एकच शुक्रवार उरला होता, आणि माझ्याकडंही.

शुक्रवारी सकाळीच जिवलदादा सायकलवरून आला. गावचा पंच म्हणून तोऱ्यात होता. माझं गाठोडं बघून म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "चैती हाय ना, ती काय कमी हाय?" त्याला पाणी दिलं, चैतीला त्याच्यापाशी बसवलं आणि परत गवताला निघाले. दादा म्हणाला, "तुमच्याकडं गाय एकच ना गं? किती गवत खाते?" मी ऐकलंच नाही असं केलं.

खळ्यावर शेवटच्या चार पेंढ्या उरल्या होत्या. त्या झोडून झाल्या. मध्ये भाताची रास होती, आणि राशीजवळ रिकामी पाटी. आज बाबाला काहीतरी संपवायलाच हवं होतं, उद्याला झोडायला काही नव्हतं. त्यानं कहाणी लावली. कणसरी रुसली, कणग्यातून उतरली, उंबरा ओलांडला. घांगळी थांबली.

"रूपजी. तुझ्या घरातून ती का गेली?"

मी डोळे मिटले. आता म्हणेल, मला माहीत नाय.

"मी चोरली," रूपजी म्हणाला.

"काय चोरलंस?"

"रोटी." मग त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं. "बाबा, तुझ्या लहानूची."

शिणवारनं मान वर केली. काकडनं केली नाही. नवशाबाबाचा हात घांगळीच्या दांडीवर तसाच राहिला.

"त्याला ताप होता. आम्ही दोघंच त्या खोलीत. हे दोघं दुसरीकडं होते, यांना ठाऊक नाय. दोन रोट्या सकाळी, दोन सांजच्याला. ताट दाराखालून यायचं. लहानूला खाववत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्याच्या रोट्या बाजूला ठेवल्या. उठला की खाईल म्हटलं. सांजच्याला खाल्ल्या मी. दुसऱ्या दिवशी ठेवल्याच नाय."

"मग?"

"शिपाई विचारायचा, दोघं जेवले? मी दोन रिकामी ताटं दाखवायचो. सांगितलं असतं की हा जेवत नाय, तर त्याला डॉक्टरकडं नेला असता. आणि त्याचं ताट बंद झालं असतं. मला ते कळत होतं बाबा. वेडा नव्हतो मी. कळत होतं, आणि मी रिकामं ताट दाखवलं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी शिपायाला वास आला, तेव्हा त्यानं आत बघितलं. नेला त्याला. तो परत आला नाय."

तो रडत नव्हता. आवाज सरळ होता, त्यानंच मला भीती वाटली.

"माझी पोर माझ्या ताटात भाकर टाकते," तो म्हणाला. "मला ती लहानूची दिसते. मी कसा खाऊ? तिच्या समोर बसून कसा खाऊ? तिला वाटतं तिचा बा चांगला हाय."

मी तोंडात पदर कोंबला. तीन महिने मी काय काय समजले होते! दुसरी बाई, आणि आम्ही नकोशा झालो, आणि काय नि काय.

नवशाबाबा उठला. मला वाटलं आता घांगळी घालतो डोक्यात, आणि घातली असती तर मी उठले नसते. पण त्यानं झोडून झालेली, दाणा नसलेली एक पेंढी उचलली आणि झोडायच्या फळीवर आपटायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, सत्तर वर्षांचा माणूस! पेंढी फाटली, पेंढा उडाला, हातात नुसता बंध राहिला तरी तो आपटत होता. कोणी अडवलं नाही. मग तो खाली बसला आणि धापा टाकत राहिला.

"काही बोलला का तो?" त्यानं विचारलं. "शेवटी?"

"मीठ मागितलं," रूपजी म्हणाला. "पेज आली होती एकदा, ती दोन घोट प्याला. म्हणाला, यात मीठ नाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "लहानपणापासून त्याला मीठ जास्त लागायचं," तो म्हणाला. "त्याची आई ओरडायची."

पोराचं तोंड न बघितलेल्या बापाला पोराबद्दल ऐकायला मिळालं ते एवढंच, आणि ते देणारा तो एकटाच होता. मग नवशाबाबानं राशीतलं भात ओंजळीनं पाटीत भरलं. ओंजळीमागून ओंजळ, सावकाश.

"ऊठ," तो म्हणाला. "पाटी उचल."

रूपजी मागं सरकला. "मी? नको बाबा. पहिली पाटी मुलानं उचलायची असते."

"माझा मुलगा कुठं हाय?"

रूपजीनं पाटी हातानं लांब सारली.

"अकरा दिवसांचं त्याचं अन्न तुझ्यात हाय," नवशाबाबा म्हणाला. "दुसऱ्या कोणात नाय. पेटीत काय होतं मला ठाऊक नाय. तुझ्यात काय हाय ते ठाऊक झालं. ऊठ. खाली ठेवायची नाय वाटेत."

शिणवार आणि काकडनं पाटी धरून त्याच्या डोक्यावर दिली. खळ्यापासून बाबाचं घर पन्नास पावलं, पण तो जसा चालला तसं कोणी डोंगर चढत नसेल. बाबा त्याच्या मागून घांगळी वाजवत निघाला आणि चालता चालता कहाणी पुढं गाऊ लागला, कणसरीला रानात शोधलं, तिची समजूत काढली, ती उंबऱ्यात आली. कणग्यात भात पडल्याचा आवाज मला उडवीपर्यंत ऐकू आला.

बाकीचे तिकडंच थांबले, बाबा परत खळ्यावर आला तेव्हा एकटाच होता. उडवीकडं तोंड करून म्हणाला, "वंशे, ये आता बाहेर. आठवडाभर तुझ्या लुगड्याचा काठ दिसतोय मला."

मी पेंढा झटकत उठले. काय तोंड दाखवणार? म्हणून उलट त्यालाच विचारलं, "बायांना बंदी होती ना?"

"बंदी घातली म्हणून तर आलीस. बोलावलं असतं तर म्हणाली असतीस, खिचडी करपेल."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. "बाबा, तुला त्याचा राग नाय आला?"

"आला तर. उद्याही येईल." त्यानं हातात रुतलेलं कुसळ काढलं. "पेंढा पुष्कळ हाय. जा घरी."

मी घरी पोचले तेव्हा दादा ओटीवर चुळबुळ करत होता. चैती सायकलच्या घंटीशी खेळत होती. थोड्या वेळानं रूपजी आला. केसांत भाताचं तूस. तो गोठ्याकडं गेला नाही. सरळ घरात आला आणि चुलीजवळ बसला, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"उद्याचं लक्षात हाय ना?" दादा दारातून म्हणाला.

रूपजीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "चैते," त्यानं हाक मारली. ती दाराला धरून उभी राहिली, ताटाची आठवण होती तिला. "तिथंच उभी राहा," तो म्हणाला. "जवळ येऊ नको. नुसतं ऐक. तुझा लहानूकाका तिकडं आजारी होता. त्याची रोटी मी खाल्ली. खूप दिवस. कोणाला सांगितलं नाय, आणि तो मेला. म्हणून मी तुझ्यासंगं जेवत नाय. त्या दिवशी ताट फेकलं ते तुझ्यावर नाय फेकलं."

दादा आ वासून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला हातानं गप्प केलं. सात वर्षांच्या पोरीला कोणी असं सांगतं का? आता ही बापाकडं कधी बघेल का?

चैती गुडघा खाजवत विचार करत राहिली. तिचा विचार तोंडावर दिसायचा, अजूनही दिसतो.

"बा," ती म्हणाली, "तुला लय भूक लागली होती?"

एवढ्या दिवसांत हे मला विचारायला सुचलं नव्हतं. नवशाबाबालाही नाही. रूपजीनं स्वतःला तरी कधी विचारलं असेल का, कोण जाणे.

"हो गे," तो म्हणाला. "लय." आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरं रडतात तसा. चैती गेली आणि त्याच्या मांडीवर बसली. त्यानं या वेळी तिचा हात सोडवला नाही.

मी भाताचं भांडं उतरवलं. चार ताटं घेतली.

"दादा, हात धू," मी म्हटलं. "जेवून जा."

"आणि उद्या? पंच येतील ना."

"पंचांना सांग, वंशीला उद्या सवड नाय."